माहिती असली की मत बदलतं का? प्रभाग, कांदा, तुतारी आणि बाकी बरंच

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेचं मतदान झालं. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे एका माणसाने चार मतं द्यायची, अ ब क ड. पुण्यात हे नवीन नाही, २०१७ लाही चारचाच प्रभाग होता आणि त्याआधी २०१२ ला दोनचा. तरी आदल्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धा तास एकच चर्चा, चार बटणं दाबायची का एक दाबलं तरी चालतं. एका काकांना वाटत होतं की चार मतं एकाच माणसाला देता येतात. ही सगळी शिकलेली, रोज पेपर वाचणारी, टीव्हीवरची चर्चा शेवटपर्यंत बघणारी माणसं आहेत बरं का. दिल्लीत कोणाचं खातं कोणाकडे गेलं ते विचारा, लगेच सांगतील. आपल्या प्रभागातून कोण उभंय विचारलं तर फक्त पक्षाचं नाव येतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पलीकडच्या वस्तीत राहतात. त्यांना मात्र चारही जागांवरचे उमेदवार माहिती, कोण आधी निवडून आला होता, ड्रेनेजची लाईन कुठपर्यंत येऊन थांबलीय, कुठल्या बाईने रेशनकार्डाच्या वेळी खरंच मदत केली, सगळं तोंडपाठ. पण २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यात "आमचा नगरसेवक चार वर्षं फिरकलाच नाही" एवढंच. त्या रागाने त्यांनी मत दिलं.

आता मला प्रश्न असा पडलाय की राजकीय ज्ञान म्हणजे नक्की काय धरायचं? आणि ते असलं की माणूस खरंच वेगळं मत देतो, का आधीच ठरलेल्या मताला फक्त कारणं जास्त सापडतात? कोणी यावर वाचलंय किंवा गावाकडे जवळून बघितलंय का? जरा सविस्तर सांगा.

निफाडचा_शेतकरी

राम राम दादा. मी वाचलेलं नाही, पण बघितलेलं सांगतो.

आमचा निफाड तालुका दिंडोरी लोकसभेत येतो. लासलगाव मार्केट आमच्यातच. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडचा शेतकरी काय माहिती घेऊन मतदानाला गेला ते ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याच्या खालच्या भावानं माल बाहेर पाठवायचाच नाही. ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. ज्या दिवशी बंदी आली त्या दिवशी ट्रॉल्या घेऊन मार्केटात उभे असलेल्यांना भाव पडलेला समोर दिसला, लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणाले, मार्चमध्ये पुढं ढकलली. आणि एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली! ही बातमी आमच्याकडं कशी फिरली असेल तुम्हीच बघा. मग ४ मे ला बंदी उठवली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. आमचं मतदान २० मे ला होतं.

यातली एकेक तारीख आमच्या पारावर बसणाऱ्या माणसाला पाठ होती, जो दहावी पण झालेला नाही. आदेश दिल्लीतून कुठल्या खात्यातून निघतो, अधिसूचनेत काय लिहिलंय, नाफेडची खरेदी किती आणि कुठल्या भावानं, सगळं. कारण त्याच्या कांदाचाळीतला माल त्या कागदावर अवलंबून होता. तेव्हा आमच्या मतदारसंघाच्या खासदार केंद्रात राज्यमंत्री होत्या, त्या पडल्या. एक लाख १३ हजारांनी. हे अडाणी मतदान म्हणाल का?

आता याच मतदारसंघाची दुसरी बाजू सांगतो. राष्ट्रवादी फुटली, घड्याळ अजितदादांकडं गेलं आणि पवारसाहेबांच्या पक्षाला फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन चिन्ह मिळालं, तुतारी वाजवणारा माणूस. तीन महिन्यांत ते घरोघरी पोचवायचं होतं. तेवढ्यात एका अपक्षाला तुतारी नावाचंच वेगळं चिन्ह मिळालं, आडनाव पण पक्षाच्या उमेदवाराचंच. त्या अपक्षाला एक लाखाच्या वर मतं पडली! प्रचाराला गाडी नाही, सभा नाही, काही नाही. म्हणजे ज्या माणसाला अधिसूचनेची तारीख माहिती होती त्याच्याच घरातली म्हातारी आई मशीनसमोर गोंधळली. साताऱ्यात तर याचा थेट निकालाशी संबंध लावला गेला, तिथं तुतारीवाल्या अपक्षाला ३७ हजार मतं आणि जिंकण्या-हरण्यातला फरक ३२ हजार ७७१ चा. किती मतं चुकून गेली ते मोजता येणार नाही, पण पुढं विधानसभेच्या आधी निवडणूक आयोगानं ते चिन्ह गोठवायला नकार दिला तरी पक्षाचं चिन्ह मशीनवर ठळक दाखवायचं मान्य केलं, म्हणजे काहीतरी गडबड त्यांनाही दिसलीच की.

म्हणून मी म्हणतो माहिती ही एकच एक गोष्ट नाही. पोटाशी लागलेली माहिती माणूस स्वतः शोधून काढतो. मशीन, चिन्ह, कोणत्या ऑफिसची जबाबदारी कोणती, ही माहिती त्याला कोणीतरी वेळेवर येऊन द्यावी लागते, आणि ती कोणी देत नाही.

तात्या_सोलापूर

निफाडकर, मग सहा महिन्यांत कुठं गेलं हे सगळं ज्ञान? नोव्हेंबरच्या विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीच्या आल्या. कांदा तोच, शेतकरी तोच. मला वाटतं ज्ञान वगैरे आपण निकालानंतर चिकटवतो. शेवटच्या दोन रात्रीत काय वाटलं, कुठला समाज कुठं गेला, यावर होतं सगळं.

निफाडचा_शेतकरी

तात्या, रागावू नका पण इथंच तुमची गल्लत होतीय. निर्यातबंदी कोण घालतं? केंद्र. लोकसभेला केंद्राचा हिशेब झाला. विधानसभेला लोकांनी राज्य काय देतंय ते बघितलं, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं वीजबिल माफ, घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये. शिवाय सप्टेंबरात ५५० डॉलरची अट पण काढली होती आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं होतं. माणूस विसरला नव्हता, त्यानं कोणत्या निवडणुकीत काय विचारायचं ते वेगळं ठेवलं. पैसा, जात चालत नाही असं मी म्हणत नाही, चालतंच. पण सगळं तेच आहे म्हटलं की आमच्या माणसाच्या डोक्याला काही किंमतच राहत नाही, ते मला पटत नाही.

मीरा_के

खूप छान धागा आहे. मी राज्यशास्त्रात एमए करतेय, त्यामुळे थोडं वाचलेलं सांगते, कंटाळवाणं झालं तर थांबवा.

अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये मांडलं की सामान्य मतदार राजकारणाची माहिती काढत बसत नाही यात त्याचा मूर्खपणा नाही, त्याच्या एका मताने निकाल बदलायची शक्यता जवळपास शून्य, आणि माहिती काढायला वेळ आणि कष्ट जातात, मग तो कशाला काढेल. म्हणून लोक खुणा वापरतात. पक्ष, चिन्ह, नेत्याचा चेहरा, ओळखीचा शहाणा माणूस कुणाला मत देतोय ते. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून चिन्हं आली ती याच कारणाने, तेव्हा तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि त्यावर त्याचं चिन्ह असायचं. निफाडकरांनी सांगितलेला तुतारीचा किस्सा मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन पक्ष फुटले, दोन्हींची जुनी चिन्हं त्यांच्यातल्या एकेका गटाकडे गेली, आणि लोकांनी पंचवीस-पस्तीस वर्षांत घट्ट केलेली खूणच हातातून गेली. यात मतदाराचा काय दोष?

आता सिंहगडरोडकरांचा मुख्य प्रश्न, माहिती दिली तर मत बदलतं का. २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीच्या आधी तिथल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक प्रयोग झाला. आमदाराने निधी कशावर खर्च केला, सभागृहात किती हजर राहिला, समित्यांवर काय केलं, विरोधी उमेदवारांचं शिक्षण, मालमत्ता, गुन्हे, याचं प्रगतीपुस्तक करून पेपरमध्ये छापलं आणि काही वस्त्यांत तो पेपर घरोघर फुकट वाटला, काही वस्त्यांत नाही वाटला. जिथे वाटला तिथे मतदान वाढलं, चांगलं काम केलेल्या आमदारांना जास्त मतं पडली आणि पैसे वाटपही कमी झालेलं दिसलं. माहितीचा अधिकार वापरून ही माहिती एका नागरिक संघटनेने काढली होती.

ब्राझीलमध्ये तर सरकारनेच लॉटरी काढून नगरपालिकांचं ऑडिट केलं. ज्यांचे घोटाळे निवडणुकीच्या आधी बाहेर आले ते महापौर जास्त पडले, आणि जिथे गावात स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं तिथे परिणाम आणखी मोठा, म्हणजे माहिती असून भागत नाही, ती ऐकू यायला लागते.

पण उलटंही आहे. मेक्सिकोत भ्रष्टाचाराची माहिती घरोघर वाटली तर लोकांनी सत्ताधाऱ्याला शिक्षा केली हे खरं, पण विरोधकांची मतंही घटली, बरेच लोक मतदानालाच गेले नाहीत. सगळे सारखेच म्हणून घरी बसले. आणि नंतर बेनिन, ब्राझील, बुर्किना फासो, मेक्सिको, युगांडा अशा देशांत एकाच पद्धतीने ठरवून प्रयोग केले, २०१९ मध्ये निकाल आले, तर सरासरी परिणाम जवळपास काहीच नाही! मला स्वतःला हे वाचून वाईट वाटलं होतं. पण विचार केला तर दिल्लीत आधी, सगळ्या उमेदवारांची तुलना करता येईल अशी आणि ओळखीच्या पेपरमधून माहिती आली होती. नुसतं एक पत्रक दाराखालून सरकवलं आणि त्यावर विश्वास कोणाचा बसणार, तो वाटणारा कोण, कोणाचा माणूस, हेच लोक आधी विचारतात.

तात्यांच्या मुद्द्यातही तथ्य आहे बरं का. ज्यांना राजकारण सगळ्यात जास्त कळतं तेच बऱ्याचदा सगळ्यात कट्टर असतात, विरुद्ध बाजूचा पुरावा खोडून काढायला त्यांच्याकडे जास्त सामान असतं. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्हाला रोज दिसत असेल.

ओंकार_९८

मीराताई एक विचारतो, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते ना? आमच्या कॉलेजमधले सगळे असंच म्हणतात, म्हणून बऱ्याच जणांनी नोटा दाबलं.

मीरा_के

ओंकार, कुठली निवडणूक त्यावर आहे. लोकसभा-विधानसभेला अजिबात नाही. २०१३ पासून नोटा आहे, पण तिथे नोटा पहिलं आलं तरी उमेदवारांमध्ये जो पहिला तो निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीण विधानसभेत नोटा दुसऱ्या नंबरवर होतं, २७ हजार ५०० मतं, निकालाला काही फरक पडला नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांचा नियम मात्र वेगळा आहे, राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, पण तिथेही पुन्हा नोटाच पहिलं आलं तर मग जास्त मतांचा उमेदवार विजयी. तुझ्या मित्रांना हे आधी कळलं असतं तर त्यांनी तेच बटण दाबलं असतं का, हा बघ धाग्याचाच प्रश्न झाला.

सुनंदा_तासगाव

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव जागेवरून. माझं थोडं ऐका.

मीराताई म्हणतात तसं माहिती कुणाच्या तोंडून येते ते फार महत्त्वाचं आहे. आमच्या गावात पहिली दोन वर्षं मला सदस्य असून पण ठरावाच्या वहीत काय लिहिलंय ते वाचायला मिळायचं नाही, सही करा ताई, एवढंच. मग तालुक्याला एक प्रशिक्षण झालं, तिथं कळलं की वित्त आयोगाचे पैसे किती आले, कुठल्या कामावर पडले हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतं, लॉगिन पण लागत नाही. मुलाच्या मोबाईलवर उघडलं. आमच्या वाडीतली गटार कागदावर पूर्ण, बिल निघालेलं. आणि वाडीत पाणी रस्त्यावरून वाहतंय, पोरं त्यातनंच शाळेला जातात.

मी ग्रुपवर टाकलं नाही. ग्रुपवर टाकलं की ते या पॅनेलचं आणि त्या पॅनेलचं होतं. मी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि बचत गटाच्या मीटिंगला नेली, हप्ते गोळा करून झाल्यावर मोठ्यानं वाचली, कामाचं नाव, रक्कम, तारीख. बायका म्हणाल्या परत वाच. मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला, जिथं एरवी झेंडावंदन झालं की बायका घरी जातात, तिथं पंधरा-वीस जणी बसून राहिल्या आणि एकीनंच उठून विचारलं. ग्रामसेवकांना उत्तर द्यावं लागलं. चार महिन्यांत गटार झाली.

आता मत बदललं का, तर पुढच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डात लोकांनी सरपंचाला एका पॅनेलचं मत दिलं आणि सदस्याला दुसऱ्या. थेट सरपंच असल्यामुळं तसं करता येतं, २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं, त्यात पण लोकांचा गोंधळ होतो. आधी आमच्याकडं भावकी सांगेल ते पॅनेल टू पॅनेल चालायचं. सगळीकडं असं होईल असं नाही, शेजारच्या वॉर्डात काहीच फरक पडला नाही, तिथं पाकिटं गेली आणि तसंच मतदान झालं.

लाडक्या बहिणीवरून बायकांना हसणारे बघितले की मला फार राग येतो. पैशाला भुलल्या म्हणतात. ज्या बाईला हप्ता कधी पडला, केवायसी का अडकली, आधार कुठल्या खात्याला जोडलंय, घरातल्या दोघींनाच का मिळतं, हे सगळं माहिती आहे तिच्याइतका सरकारी जीआर तुमच्यातल्या किती जणांनी वाचलाय? ती सरकारकडून काय मिळतंय ते मोजून मत देते. तिला हे पण माहिती असायला पाहिजे की तो पैसा कुठल्या खात्यातून वळवला आणि तिच्या पोराच्या शाळेला मास्तर का येत नाही, पण ते तिला सांगायला कोण जातंय? मतं मागायला सगळे येतात.

तात्या_सोलापूर

सुनंदाताई, तुमचा प्रतिसाद वाचून बोलायचं थांबलो बघा. मनापासून आवडला. माझं अजूनही म्हणणं आहे की जात आणि पैसा मोठा आहे, पण तुमच्या त्या झेरॉक्सनं एका वॉर्डात तरी भिंत फुटली हे कबूल.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. वाचताना एक लक्षात आलं की मावशींना माहिती कमी होती असं नाहीये, चार वर्षं प्रशासक होता हा एकच दुवा त्यांच्यापर्यंत पोचला नाही आणि सगळा राग चुकीच्या माणसावर निघाला. आणि आमच्या सोसायटीत उलटं, पाण्याच्या टँकरचा राग आम्ही आमदारावर काढतो, खासदाराला गल्लीतल्या स्पीडब्रेकरबद्दल ईमेल करतो, आणि ज्याच्याकडे हे काम आहे त्याला कोण म्हणून विचारलं तर माहिती नाही. जाब विचारायचा पत्ताच चुकीचा, मग मत कितीही विचार करून दिलं तरी ते लागणार कुठे?

आता निवडणूक झालीय, चार नगरसेवक आलेत. पुढची पाच वर्षं त्यांनी काय केलं ते लिहून ठेवायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू? सुनंदाताईंच्या पोर्टलसारखं शहरात काही आहे का? कोणी पुण्यातलं असेल तर सांगा.

कोथरूड_स्मिता

मी पुण्यातलीच. तीन गोष्टी सांगते, तिन्ही मी स्वतः करते.

चौघांची शपथपत्रं आत्ताच डाउनलोड करून ठेवा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं त्यात असतं, सुप्रीम कोर्टाच्या २००२-०३ च्या निकालांमुळे हे जाहीर करणं बंधनकारक आहे. पाच वर्षांनी दुसरं शपथपत्र येईल तेव्हा शेजारी ठेवून वाचता येतं. शोधायला गेलं की जुनं पटकन सापडत नाही, म्हणून आत्ता.

महापालिकेचं अंदाजपत्रक साइटवर असतं, त्यात आपल्या प्रभागाच्या नावाने असलेल्या कामांच्या ओळी शोधा. जाडजूड पीडीएफ आहे आणि मराठी फॉन्टमुळे सर्च नीट चालत नाही, त्यामुळे पानं उलटावी लागतात, दोघं-तिघं मिळून बसलात तर एका संध्याकाळी होतं. चार नगरसेवक एकाच प्रभागात असल्यामुळे प्रत्येक जण "हे मीच केलं" असा फ्लेक्स लावतो आणि जे झालं नाही ते बाकीच्या तिघांवर ढकलतो, तेव्हा काम कोणाच्या यादीतून आलंय ते विचारूनच लिहून ठेवा.

आणि तिसरं, पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. आपल्या भागातली छोटी कामं, फूटपाथ, दिवे, बाक, बसस्टॉप, नागरिकांनी स्वतः सुचवायची. साधारण पावसाळ्याच्या शेवटाला अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइन पण भरता येतो. फार थोडे लोक भरतात. तुमच्या मावशींच्या वस्तीतली ती अर्धवट राहिलेली ड्रेनेज लाईन याच्या मर्यादेत बसणार नाही बहुतेक, मोठं काम आहे ते, त्यासाठी थेट चारही नगरसेवकांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पण वस्तीतले दिवे, नळकोंडाळ्याची दुरुस्ती असलं नक्की बसेल. मावशींना सोबत घेऊन जा, कुठे काय पाहिजे ते त्यांनाच माहितीय. अर्जावर सहीही त्यांचीच घ्या, तुमची नको.

सिंहगडरोडकर

स्मिताताई, शपथपत्रं आज रात्रीच काढतो. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो तेवढं व्यनित (खाजगी निरोपात) सांगाल का?